श्रद्धेची पानगळ : एका प्रचलित सांत्वनाची चिकित्सा

संकटात सापडलेल्या ख्रिस्ती माणसाला मंडळीतील वडीलधारी माणसे जे सांत्वन सर्वाधिक वेळा देतात ते असे की, हा श्रद्धेचा हिवाळा आहे, धीर धरा, तो सरेल आणि वसंत येईल. अपत्याच्या मृत्यूने, दीर्घ आजाराने, उपजीविका बुडाल्याने किंवा कोणत्याही दृश्य कारणावाचून ज्याची प्रार्थना कोरडी पडली आहे, ज्याला उपासनेत उभे राहूनही देव जवळ असल्याचा प्रत्यय येत नाही, त्याला हे एवढे ऐकवले की ऐकवणाऱ्याच्या मनावरचा भार उतरतो आणि ऐकणाऱ्याचा मात्र होता तिथेच राहतो. त्यामागील सद्भावनेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु हे सांत्वन उथळ आहे, आणि वसंत वेळेवर न आल्यास ते निर्दयही ठरते, कारण मग दोष ऋतूचा न राहता त्या माणसाच्या श्रद्धेचा ठरवला जातो.

प्रस्तुत लेखाचे प्रतिपाद्य असे आहे : श्रद्धेच्या कोरड्या काळाला ऋतू मानणे ही मूळ चूक होय. ऋतू आपोआप पालटतो. श्रद्धेची ही अवस्था ठरावीक मुदतीत पालटेल अशी हमी शुभवर्तमानात कोठेही दिलेली नाही. ऋतूपुढे माणसाला प्रतीक्षेवाचून दुसरे कर्तव्य नसते; श्रद्धेच्या पानगळीत मात्र त्याला तीन कामे करायची असतात, आणि ती म्हणजे नेम पाळणे, देवापुढे फिर्याद मांडणे आणि स्वतःचा भार मंडळीवर टाकणे. श्रद्धा राखणे म्हणजे गेलेला भाव परत येण्याची वाट पाहणे नसून भाव नसतानाही देवाशी असलेला व्यवहार तोडू न देणे होय. हे विधान मी चंद्रपूर-गडचिरोलीच्या अरण्यप्रदेशासमोर ठेवून तपासणार आहे, कारण ऋतूची ती उपमा कोठे आणि कशी फसते हे या प्रदेशाइतके स्पष्ट क्वचितच कोठे दिसेल.

१. उपमेचे मूळ आणि चांद्याचे पंचांग

हिवाळ्याची ही उपमा उत्तर युरोपातून आलेली आहे. जेथे डिसेंबरात दुपारीच अंधार दाटतो, भूमी गोठते, आणि ईस्टरच्या सुमारास बर्फ वितळून पहिले अंकुर दिसतात, तेथील भक्तांना निसर्ग आणि पुनरुत्थान ही दोन एकाच घटनेची दोन रूपे वाटावीत हे स्वाभाविक होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्कॉटलंडच्या एपिस्कोपल चर्चने चांदा येथे, म्हणजे आजच्या चंद्रपुरात, आपले मिशन चालवले. पुढे नागपूरचे बिशप झालेले अलेक्झांडर वुड यांच्यासारखी माणसे याच मिशनात घडली. ही माणसे ज्या देशातून आली तेथील स्तोत्रे, तेथील सण आणि तेथील ऋतुकल्पना त्यांच्याबरोबर येणे अपरिहार्य होते. स्तोत्रे येथे रुजली, सण येथले झाले. ऋतुकल्पनेला मात्र या भूमीने कधीच दाद दिली नाही.

चांद्याचे वर्ष कसे चालते ते पाहा. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूलपासून आरमोरी-देसाईगंजपर्यंतचा मुलूख धानाचा. तेथे हिवाळा हा सुगीचा काळ, आणि नाताळ येतो तो घरात नवे धान आलेले असताना. उपवासकाळ फेब्रुवारी-मार्चात लागतो, तेव्हा साग, ऐन, धावडा यांची पाने गळून जंगल उघडे पडलेले असते. ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या दरम्यान केव्हाही येतो. त्या दिवशी पुनरुत्थानाचा जयघोष होतो, आणि त्यानंतर ऊन उतरण्याऐवजी चढतच जाते, नाले आटतात, मे महिन्यात चंद्रपुरात पारा ४५ अंशांच्या पुढे सरकतो. पेन्टेकॉस्टचा सण १० मे ते १३ जून यांच्या दरम्यान पडतो, म्हणजे बहुधा मृगाच्या सरी येण्यापूर्वीच. आणि सणांची गर्दी संपून चर्चच्या पंचांगातील दीर्घ, साधा काळ सुरू झाला की येथील खरी कठीण महिन्यांची मालिका चालू होते : पर्लकोटा नदीला पूर येऊन भामरागडची वाट तुटते, हिवताप बळावतो, आणि नवे धान हाती येईपर्यंत जुन्या धान्यावर दिवस काढावे लागतात.

यावर कोणी म्हणेल की, चैत्रपालवी आणि मोहाचा बहर याच दिवसांत येतो, पळस याच दिवसांत पेटतो. मग पुनरुत्थानाला निसर्गाची साक्ष नाही असे कसे म्हणता येईल? साक्ष आहे, परंतु ती सुटकेची साक्ष नव्हे. मोहफूल पहाटे उठून जो वेचील त्याच्याच टोपलीत पडते, आणि त्यानंतरही उन्हाळ्याचा कडक भाग उरलेलाच असतो. येथे सण येतो तो संकट ओसरल्याची द्वाही फिरवण्यासाठी येत नाही. संकट चालू असताना, आपल्या ठरलेल्या तिथीला, तो हजर होतो. आणि सिद्धान्तदृष्ट्या हेच यथार्थ आहे. ख्रिस्ती मतानुसार पुनरुत्थान ही वनस्पतिसृष्टीच्या पुनरागमनाची कथा नाही. पंतय पिलात नावाच्या एका रोमन अंमलदाराच्या कारकिर्दीत, एका माणसाला झालेल्या देहान्त शिक्षेनंतर, एकदाच घडलेली घटना म्हणून चर्च ती सांगत आले आहे. जी गोष्ट दरसाल आपोआप घडते तिच्यासाठी श्रद्धेची गरजच नसते.

२. पहिले काम : नेम

ऋतूची उपमा सोडल्यावर पहिला प्रश्न उभा राहतो तो असा की, प्रत्यय नसताना माणसाने करायचे काय? उत्तर जुने आहे आणि वारकऱ्यांच्या देशात ते विस्ताराने सांगण्याचे कारण नाही : नेम चालवायचा. पंढरीची वारी करणारा मनुष्य यंदा मनाला उमाळा आला आहे काय हे तपासून दिंडीत पाऊल टाकीत नाही. आषाढी आली म्हणून तो निघतो. प्रार्थना, शास्त्रवाचन, प्रभुभोजन, रविवारची उपासना ही ख्रिस्ती माणसाची वहिवाट आहे, आणि जमिनीच्या हक्काप्रमाणेच येथेही वहिवाट अखंड राहिली तर हक्क शाबूत राहतो.

पंडिता रमाबाईंचे चरित्र या दृष्टीने वाचण्याजोगे आहे. १८७० च्या दशकातील दुष्काळी भटकंतीत त्यांचे आईवडील आणि बहीण गेली, १८८० साली भाऊ श्रीनिवास गेला, १८८२ साली पती बिपिनबिहारी मेधावी गेले. १८८३ साली इंग्लंडातील वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. प्रचलित समजुतीप्रमाणे येथे हिवाळा संपून वसंत यायला हवा होता. परंतु स्वतः रमाबाईंनी पुढे १९०७ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या साक्षीत कबूल केले आहे की, बाप्तिस्म्यानंतरही कित्येक वर्षे त्यांना ख्रिस्ती धर्म लाभला होता, ख्रिस्त लाभला नव्हता. तो प्रत्यय यायला जवळजवळ आठ वर्षे लागली. त्या मधल्या काळात त्यांनी केले काय? अमेरिकेचा प्रवास केला, १८८९ साली मुंबईत शारदासदन काढले, विधवांना शिकवले, टीकेचा मारा सोसला, आणि शास्त्राचे वाचन सोडले नाही. भाव आला तो चालू असलेल्या कामात आला. कामाने भावाची वाट पाहिली नव्हती.

आणि भाव आल्यानंतर आपत्ती थांबल्या असेही नाही. १९२१ च्या जुलैमध्ये त्यांची एकुलती कन्या मनोरमा वारली. त्यानंतरचे उरलेले महिने रमाबाईंनी केडगावच्या मुक्तिसदनात, मूळ हिब्रू व ग्रीकवरून स्वतः केलेल्या बायबलच्या मराठी भाषांतराच्या कामात घालवले, आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्या निवर्तल्या. त्या काळात त्यांच्या अंतःकरणात उजेड होता की अंधार, याचा पंचनामा करण्याचा अधिकार आपल्याला नाही. नेम चालू होता एवढे मात्र दप्तरी नमूद आहे.

बाहेरच्या जगातील एक दाखला याहून कठोर आहे. मदर तेरेसा यांची खासगी पत्रे त्यांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, २००७ साली, पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली, तेव्हा असे उघड झाले की कलकत्त्यातील सेवाकार्य सुरू झाल्यापासून जवळपास अखेरपर्यंत, म्हणजे सुमारे अर्धशतक, देव जवळ असल्याचा प्रत्यय त्यांना क्वचितच आला. अर्ध्या शतकाच्या मुदतीला ऋतू म्हणणे हा भाषेचा दुरुपयोग होईल. ज्यांना वसंताचे आश्वासन हीच श्रद्धेची एकमेव पुंजी वाटते, त्यांच्या हिशेबात या बाईंचे आयुष्य बसतच नाही. चर्चने मात्र २०१६ साली त्यांना संतपद दिले.

३. दुसरे काम : फिर्याद

नेम एवढाच सांगितला तर श्रद्धा मुकी होईल. म्हणून दुसरे काम, आणि मराठी ख्रिस्ती मंडळ्यांनी सर्वाधिक उपेक्षिलेले काम, म्हणजे देवापुढे देवाविरुद्ध फिर्याद मांडणे. आपल्याकडे असा एक संकोच रूढ झाला आहे की तक्रार हे अविश्वासाचे लक्षण होय. सद्‌भक्ताने मुलाच्या प्रेतापाशीही ‘प्रभूची इच्छा’ एवढेच म्हणून गप्प राहावे. हा संकोच बायबलच्या परिशीलनातून आलेला नाही. स्तोत्रसंहितेतील अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र अंधारातच संपते. त्याच्या शेवटी सांत्वनाची एक ओळही नाही, तरीही ते उपासनेच्या पुस्तकातून कोणी वगळले नाही. हबक्कूक देवाला जाब विचारूनच आपल्या ग्रंथाला आरंभ करतो. विलापगीत नावाचे संपूर्ण पुस्तकच आक्रोशाचे आहे. खुद्द येशूने वधस्तंभावर बाविसाव्या स्तोत्रातील पहिली फिर्याद आपल्या तोंडी घेतली.

ईयोबाच्या ग्रंथाचा निकाल तर आपल्या विषयाला थेट लागू पडतो. ईयोबाचे मित्र देवाची बाजू घेऊन बोलतात, दुःखाची कारणे सांगतात, पश्चात्ताप केल्यास पुन्हा बरे दिवस येतील असे आश्वासन देतात. ईयोब मात्र भांडतो, शाप देतो, न्यायासनापुढे उभे राहण्याची मागणी करतो. शेवटी देव कौल देतो तो मित्रांविरुद्ध : माझ्याविषयी यथार्थ बोलला तो ईयोब, तुम्ही नव्हे, असा त्या निकालाचा आशय आहे. वसंताची हमी देणाऱ्या आजच्या सांत्वनकर्त्यांनी हा निकाल आपल्याविरुद्ध लागलेला आहे हे ध्यानात घ्यावे.

याची तार्किक बाजूही स्पष्ट आहे. ज्या कचेरीचा अंमल आपल्यावर चालतो असे मनुष्य मानतो, तिच्यापुढेच तो अर्ज घेऊन जातो. ज्याने ती कचेरी अस्तित्वातच नाही असे ठरवले, तो अर्ज लिहीत बसत नाही. म्हणून देवावर रुसलेला मनुष्य आणि देवाला विसरलेला मनुष्य यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. महाराष्ट्राला हे तुकोबांनी शिकवले आहे : दुष्काळात दिवाळे निघालेला, पत्नी अन्नावाचून मेलेली पाहिलेला हा वाणी विठ्ठलाशी भांडला, त्याच्या नावाने बोटे मोडली, आणि त्या भांडणातूनच त्याची भक्ती सिद्ध झाली. रेव्हरंड नारायण वामन टिळक आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्तापर्यंत आलो असे म्हणत. त्या पुलावरून मराठी मंडळ्यांनी अभंगाचा छंद आणला, कीर्तनाची रीत आणली, पण तुकोबांचे भांडण मात्र पलीकडच्या तीरावरच ठेवले. ते आणल्याखेरीज येथील उपासना पुरी होणार नाही.

४. तिसरे काम : मंडळी

मार्ककृत शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात कफर्णहूमच्या एका घराचे छप्पर उसकून चौघे जण एका पक्षाघाती माणसाला येशूपुढे उतरवतात. शुभवर्तमानकार नोंदवतो ते असे की येशूने त्यांचा विश्वास पाहिला. बाजेवरच्या माणसाचा विश्वास किती होता हे तेथे स्वतंत्रपणे सांगितलेले नाही. वाहून आणणाऱ्यांचा विश्वास त्याच्या कामी आला. श्रद्धा ही प्रत्येकाची खासगी मालमत्ता असून ज्याची त्याने राखावी, हा जो आधुनिक समज आपणही नकळत उचलला आहे, त्याला या प्रसंगात आधार नाही. माझ्याने प्रार्थना होत नाही असे जो म्हणतो, त्याच्या वतीने ती दुसऱ्यांनी करावी. आणि त्याने तेवढ्या काळापुरते स्वतःला बाजेवर वाहून नेऊ द्यावे.

चंद्रपूर-गडचिरोलीत हे सांगणे सोपे, करणे अवघड आहे. या दोन जिल्ह्यांत ख्रिस्ती माणसे शंभरात एक इतकीही नाहीत. मिशनच्या जुन्या मंडळ्यांचा वारसा १९७० साली नागपुरात स्थापन झालेल्या उत्तर भारत चर्चकडे आला; सिरो-मलबार चर्चने १९६२ साली चांदा येथे आपले मिशनक्षेत्र उभारले, १९७७ साली त्याचा धर्मप्रांत झाला आणि त्याचे पीठ बल्लारपुरास आहे. कोळशाच्या खाणी, कागद गिरणी, वीजकेंद्र यांच्या आश्रयाने वसलेल्या वस्त्यांत मराठी, तेलुगू, मल्याळम बोलणारी कुटुंबे एका छताखाली जमतात, आणि बदलीचा हुकूम आला की त्यांतील काही उठून जातात. गडचिरोलीच्या अंतर्भागात एका उपासनास्थळापासून दुसरे इतके दूर असते की पावसाळ्यात पाळकाची भेट ही नदीच्या मर्जीवर अवलंबून राहते. अशा विरळ समाजात मंडळी हा शब्द रविवारच्या हजेरीपुरता राहिला, तर बाज उचलायला चार माणसे मिळणार नाहीत. त्यासाठी आजाऱ्याच्या घरी शिधा पोचवणे, विधवेच्या तहसिलीतील खेपांना सोबत जाणे, तापातल्या मुलाला वेळेत दवाखान्यात नेणे ही कामे उपासनेचा भाग मानावी लागतील.

दुसऱ्याच्या अपुऱ्या राहिलेल्या श्रद्धाकार्याला खांदा देणे म्हणजे काय, याचा मराठीतील श्रेष्ठ दाखला लक्ष्मीबाई टिळकांचा आहे. १८९५ साली पतीने बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्या त्याच्याबरोबर गेल्या नाहीत. कित्येक वर्षांच्या ताटातुटीनंतर, १९०० साली, त्या स्वतःच्या विचाराने ख्रिस्ती झाल्या. १९१९ साली टिळक वारले तेव्हा त्यांचे ‘ख्रिस्तायन’ अपुरे होते. शाळेचे तोंड न पाहिलेल्या या बाईंनी वैधव्यात ते पुढे चालवले आणि त्याचा फार मोठा भाग स्वतः रचला.

५. काही आक्षेप

पहिला आक्षेप : भावावाचून नेम म्हणजे ढोंग. तसे नाही. ढोंगी मनुष्य नसलेला भाव असल्याचे दाखवतो. नेम पाळणारा भाव नसल्याचे कबूल करून नेम पाळतो. येशूने परूश्यांवर जो ठपका ठेवला तो त्यांच्या प्रार्थनेच्या नियमितपणाबद्दल नव्हता, लोकांनी पाहावे म्हणून ती करण्याबद्दल होता. तथापि हा आक्षेप एका ठिकाणी खरा ठरतो : जेथे फिर्यादीला मनाई आहे तेथे नेम हळूहळू ढोंग होतो. म्हणूनच ही दोन कामे एकमेकांपासून तोडता येत नाहीत.

दुसरा आक्षेप : या विचाराने दुःखाचे उदात्तीकरण होते आणि उपायाची निकड मंदावते. हा धोका वास्तविक आहे. हिवतापाला औषध हवे, कुपोषणाला अन्न हवे. गडचिरोलीत अभय व राणी बंग यांनी १९८६ पासून चालवलेल्या ‘सर्च’ने गावातल्या बायकांना शिकवून नवजात बालकांचे मृत्यू रोखता येतात हे जगापुढे सिद्ध केले, तेव्हा बालमृत्यूला दैवी इच्छा म्हणून डोके टेकण्याची सबब कोणत्याही मंडळीला उरली नाही. तीच गोष्ट मनाच्या आजाराची. झोप, भूक आणि जगण्याची इच्छा ज्याची नाहीशी झाली आहे त्याला श्रद्धेचा हिवाळा सांगणे हा अपराध आहे. त्याला वैद्याकडे नेले पाहिजे. ज्या येशूच्या नावाने आपण सोसण्याचा उपदेश करतो, तो स्वतः ज्या ज्या गावी गेला तेथील आजारी बरे करीत गेला.

तिसरा आक्षेप बाहेरून येतो : या प्रदेशातील ख्रिस्ती श्रद्धा ही दुष्काळातल्या अन्नछत्राची संतती आहे, पोटासाठी जो आला त्याची श्रद्धा कसली? १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी मध्य प्रांत होरपळला हे खरे, रमाबाईंनी त्यांपैकी पहिल्या दुष्काळात याच प्रांतातून निराधार मुली केडगावी नेल्या हेही खरे. पण भुकेल्याला अन्न देणाऱ्याकडे ओढले जाण्यात लाज कसली, हे आधी आक्षेपकाने सांगावे. शिवाय अन्नछत्र बंद झाले, तरी लोक राहिले. आणि स्वातंत्र्यानंतरचा हिशेब उलटाच आहे : १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशान्वये अनुसूचित जातींतून ख्रिस्ती झालेल्यांना त्या सवलतींचा हक्क राहिला नाही. ज्या चंद्रपुरात १६ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. आंबेडकरांनी जनसमुदायाला धम्मदीक्षा दिली, तेथील बौद्धांनाही तो हक्क मिळायला १९९० साल उजाडावे लागले. लाभासाठी धर्म बदलतात असे म्हणणाऱ्यांनी, तोटा होत असताना तो राखणाऱ्यांच्या या पिढ्यांचाही खुलासा द्यावा.

चौथा आक्षेप सर्वांत वजनदार आहे : श्रद्धा नसलेलीही माणसे कठीण काळ धैर्याने काढतात, मग ख्रिस्ती श्रद्धेचे वेगळेपण काय? वरोऱ्याजवळ आनंदवन उभारणाऱ्या बाबा आमट्यांचा आणि १९७३ पासून हेमलकशात चाललेल्या कार्याचा आधार ख्रिस्ती श्रद्धा नव्हती. त्या कार्याची तितिक्षा कोणाही भाविकाला खाली मान घालायला लावील. हे मोकळेपणाने मान्य करावे. श्रद्धा ही धैर्य निर्माण करण्याची युक्ती आहे असा आमचा दावाच नाही, आणि तसा असता तर तिच्याहून स्वस्त युक्त्या उपलब्ध आहेत. ख्रिस्ती माणसाचे म्हणणे एवढेच आहे की, आपले दुःख आपण ज्याला सांगतो तो ऐकणारा आहे, आणि त्याने ते स्वतःच्या देहावर भोगलेले आहे. हे म्हणणे सत्य की असत्य, असा वाद जरूर करावा. ते उपयुक्त की निरुपयोगी, हा वाद येथे गैरलागू आहे.

६. निष्कर्ष

यातून व्यवहाराला लागू पडणारे काही निघत असेल तर ते असे. आपल्या श्रद्धेला ओहोटी लागली आहे असे सांगत जो येईल, त्याला मंडळीने भविष्य सांगू नये. त्याच्या दुःखाची मुदत आपल्याला ठाऊक नाही, आणि ठाऊक असल्याचा आव आणणे हे ईयोबाच्या मित्रांचे काम आहे. प्रथम त्याला वैद्याची, वकिलाची किंवा धान्याची गरज आहे काय याची चौकशी करावी. मग त्याची फिर्याद, ती देवाविरुद्ध असली तरी, मध्येच न तोडता ऐकून घ्यावी, आणि रविवारच्या उपासनेत अठ्ठ्याऐंशीव्या स्तोत्रालाही जागा द्यावी. नेमाचा जो भाग त्याच्याने होत नाही तो त्याच्या वतीने इतरांनी उचलावा. जो होतो तो, कितीही थोडा असो, त्याच्याकडून सुटू देऊ नये. आणि एवढे करूनही त्याच्या मनाचा कोरडेपणा वर्षानुवर्षे टिकला, तर त्याला कमी श्रद्धेचा ठरवू नये. ज्याला देवाचा प्रत्यय सहज येतो त्याच्यापेक्षा, प्रत्यय नसताना ज्याने देवाशी बोलणे टाकले नाही, त्याच्या श्रद्धेचे वजन अधिक आहे, आणि मंडळीने शिकायचे असेल तर त्याच्याकडूनच शिकायला हवे.